उवा : फणी की औषध?
अहिल्यानगर जिल्ह्यात सीताफळाची झाडे विपुल. त्याच्या बियांची पूड उवांवर लावण्याचा प्रघातही जुना. उवा मरतात खऱ्या, परंतु पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळावरील पारदर्शक पडद्याला गंभीर इजा होते. हा उपाय वर्ज्यच मानावा.

उरतात फणी आणि औषध. साधू-साध्वींच्या केशलोचामागेही जीवरक्षेचा विचार असल्याने जैन कुटुंबांचा कल फणीकडे असणे स्वाभाविक आहे. तथापि टाळूपासून दूर झालेली ऊ दोन दिवसांहून अधिक क्वचितच जगते. फणीत हिंसा नाही, असे म्हणता येत नाही.

परिणामकारकतेचे काय? २००० साली वेल्समधील चाचणीत मॅलॅथिऑनने ७८ टक्के मुले उवामुक्त झाली, फणीने अवघी ३८. पुढे २००५ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सुधारित फणीने ५७, तर एकदाच लावलेल्या औषधाने केवळ १३ टक्के! उवा औषधांना सरावल्या, हे त्याचे एक कारण मानले गेले.

लिखांतून पिल्ले आठवडा-दहा दिवसांत बाहेर पडतात. म्हणून ओल्या केसांना कंडिशनर लावून, दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे मुळापासून टोकापर्यंत बारीक फणी फिरवावी आणि घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. तरीही उवा राहिल्यास औषध डॉक्टरांनाच विचारावे.