दोष गेमचा की कोंडलेल्या हवेचा?

यंत्र बिघडले की आपल्याकडे आरोपी आधी सापडतो, बिघाड नंतर. लॅपटॉपच्या बाबतीत तर आरोपी ठरलेलाच : घरातला मुलगा आणि त्याचे गेम.

खुलताबादला आमच्या शेजारी असाच खटला उभा राहिला. मुलगा बारावीतला. पुढे ॲनिमेशन शिकायचे म्हणून हप्त्यांवर गेमिंग लॅपटॉप घेतलेला. हप्ते अजून फिटायचे होते आणि तो चालता चालता फटकन बंद पडू लागला. "गेमनंच खाल्लं बघा त्याला," वडील म्हणाले. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानाने पाच मिनिटे पाहून मदरबोर्ड बदलायला सांगितले, खर्च ३५ हजार. त्यापेक्षा येईल त्या किमतीला विकून टाकू, इथपर्यंत गोष्ट आली होती. शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांनी, निद्रिस्त मारुतीच्या गावात लॅपटॉपही झोपायचाच, अशी थट्टा केली. मुलाला ती काही रुचली नाही.

माझे आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत गेले. त्या धंद्यात एक पथ्य असते : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर ते कशाने सुरू झाले हे कळत नाही. मुलाला म्हटले, आठ दिवस काही करू नकोस, फक्त वहीत लिही. किती वाजता बंद पडला, काय चालू होते, कुठे ठेवला होता, लाइट होती की इन्व्हर्टर.

वही बोलकी निघाली. लॅपटॉप बंद पडे तो बहुधा दुपारी, गेम सुरू केल्यावर वीसेक मिनिटांत आणि गादीवर ठेवलेला असताना. आमच्याकडे पहिला संशय विजेवर जातो; पण तो रकाना काहीच सांगत नव्हता. तापमान दाखवणारे एक फुकटचे सॉफ्टवेअर टाकले, तर आकडा ९७ अंशांवर! प्रोसेसर शंभराच्या आसपास तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर जळून जाण्यापेक्षा मशीन बंद करतो. विंडोजच्या नोंदीत मात्र 'कर्नल-पॉवर ४१' एवढेच दिसते. मशीन रीतसर बंद झाले नाही, इतकाच त्याचा अर्थ. कारण त्यात नसते.

पडद्यावरचा संदेश भल्याभल्यांना चकवतो. २०२४ मध्ये जगभर अनेकांच्या डेस्कटॉप संगणकांवर गेम कोसळत होते. ग्राफिक्सची मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई आणि लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत. मूळ निघाले इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या प्रोसेसरांना मिळणाऱ्या जादा व्होल्टेजमध्ये. कंपनीने सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

इथे वॉरंटी संपलेलीच होती, म्हणून लॅपटॉप उघडला. (ती चालू असेल तर आधी कंपनीकडेच जावे.) पंखा आणि तांब्याच्या नळ्यांना जोडलेली पातळ पत्र्यांची जाळी, यांच्या मध्ये धूळ आणि गोधडीचे तंतू यांचा जाड थर बसला होता. बाहेरून तो मुळीच दिसत नाही. बॅटरीची जोडणी काढली, पंख्याची पाती बोटाने धरून हवा मारली, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. गादीऐवजी टेबल. तोच गेम, तीच दुपार, आकडा ८२.

चार दिवसांनी निळा पडदा आला. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. पण वही उघडली : सकाळची वेळ, गेम बंद, मशीन थंड. म्हणजे हे दुखणे वेगळे. विंडोजमध्येच मेमरी तपासायची सोय असते, ती चालवली आणि दोष दिसला. मग आतल्या दोन्ही पट्ट्या आळीपाळीने एकाच खाचेत लावून पाहिल्या, म्हणजे खाचेवर संशय राहू नये. एक पट्टी स्वच्छ सुटली, दुसरी दर वेळी चुकली. मदरबोर्ड ठणठणीत होता.

चुकणारी पट्टी बदलली. मदरबोर्डाच्या मानाने खर्च किरकोळच. लॅपटॉप विकायची भाषा थांबली. परीक्षेपर्यंत गेम फक्त रविवारी, ही वडिलांची अट मात्र कायम आहे.