वैशाखातले पतंग

पतंग म्हटले की आपल्याला संक्रांत आठवते. बिकानेरच्या आकाशात पतंगांची गर्दी होते ती वैशाखात, डोक्यावर ऊन आणि गच्चीवर पाय भाजत असताना. राव जोधाचा मुलगा राव बिका याने 1488 मध्ये हे शहर वसवले. तो दिवस वैशाख शुद्ध द्वितीयेचा, म्हणजे तिथल्या 'आखाबीज'चा मानतात. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीच्या आखातीजेला 'चंदा' नावाचा मोठा गोल पतंग आकाशात सोडतात, घरोघर खिचडा शिजतो आणि त्यासोबत चिंचेचे इमलाणी असते. अक्षय्य तृतीयेला 'आखाजी' म्हणणाऱ्या खान्देशला हा शब्द परका वाटणार नाही. शहराचा वाढदिवस म्हणून पतंग, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. शेत मोकळे, धान्य घरात आणि पुढचा पाऊस अजून दोन महिने दूर, अशा वेळी हा सण येतो. मारवाडात याच दिवशी येणाऱ्या पावसाचे शकुन पाहण्याची रीत आहे. ज्या प्रदेशात वर्षाचा सगळा हिशोब आकाशावर चालतो, तिथे सगळे शहर दोन दिवस आकाशाकडे तोंड करून उभे राहते, यात मला तरी काही विचित्र दिसत नाही.

वाळवंटातल्या सण-जत्रांचे एक ठरीव स्पष्टीकरण पर्यटनाच्या माहितीपत्रकांत हमखास भेटते: भोवती सगळे रुक्ष आणि पिवळट, म्हणून माणसांनी सणांत रंग भरला. ऐकायला हे छान वाटते, पण त्यातून जत्रा अमुक ठिकाणीच का आणि तमुक महिन्यातच का, हे काही कळत नाही. बिकानेरला वर्षाकाठी पाऊस 25 ते 30 सेंटिमीटर, जैसलमेरला 20 च्याही आत, आणि तोही मोजक्या दिवसांत. आता मोठ्या जत्रा कुठे भरतात ते पाहा. कार्तिकी पौर्णिमेचा कोलायतचा मेळा कपिल मुनींच्या नावाने 52 घाटांच्या सरोवराकाठी भरतो. बिकाने पहिला मुक्काम केला त्या कोडमदेसरला भैरूची जत्रा भाद्रपदात, तलावाच्या पाळीवर. पोकरणजवळच्या रामदेवऱ्याला रामदेव पीरांची समाधी रामसरोवराच्या काठी आहे, आणि भाद्रपद शुद्ध द्वितीयेपासून एकादशीपर्यंत तिथे हिंदू-मुसलमान दोघेही लोटतात. तिलवाड्याचा मल्लीनाथ गुरांचा बाजार तर लुणी नदीच्या कोरड्या पात्रातच बसतो. वरून रखरखीत वाळू दिसते, पण थोडी उपसली की पाणी लागते. हजारो माणसे आणि जनावरे काही दिवस एका जागी उतरवायची, तर पाणी तिथे आणि तेव्हा असलेच पाहिजे. मोठ्या जत्रा पावसानंतर, तलाव भरलेले आणि कुरणे हिरवी असताना येतात. उरलेल्या बऱ्याचशा फाल्गुन-चैत्राच्या आसपास, गावातून बाहेर पडायला सवड असते तेव्हा.

हा मुद्दा इथेच संपला असता तर तो फक्त सोयीचा मुद्दा ठरला असता. पण जत्रा पाण्यापाशी भरते आणि त्या पाण्याची निगाही राखते. बिष्णोई पंथाचे उदाहरण यासाठी सगळ्यात बोलके आहे. जांभोजींनी 1485 मध्ये दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर समराथळ नावाच्या वाळूच्या टेकडीवर 29 नियमांचा हा पंथ सुरू केला. हिरवे झाड तोडू नये आणि जिवांवर दया करावी, हे त्यातलेच नियम. बिकानेर जिल्ह्यातल्या मुकामला त्यांची समाधी आहे. तिथला मोठा मेळा फाल्गुन अमावास्येला असतो. तिथले महिने पौर्णिमेला संपतात, म्हणून आपल्या पंचांगात ती माघी अमावास्या. फलोदीकडच्या जांभोळाव तलावावर याच हिशोबाने आपल्या फाल्गुनी अमावास्येला मेळा भरतो, आणि तिथे आलेला भाविक स्नान करून तलावातली माती काढतो आणि पाळीवर नेऊन टाकतो. पुण्य म्हणून. उन्हाळ्याच्या तोंडावर, पाणी उतरलेले असताना, पुढच्या पावसाआधी तलावाचा गाळ निघतो. मजुरी द्यावी लागत नाही, कंत्राट काढावे लागत नाही, मस्टर तर नाहीच. तलावाकडे पाणी वाहून आणणाऱ्या उताराला मारवाडीत 'आगोर' म्हणतात. तिथे घाण करायची नाही, जोडे घालून जायचे नाही, अशी जुनी शिस्त. देवाच्या नावाने राखलेली राने 'ओरण' म्हणून ओळखली जातात. देशनोकच्या करणीमातेच्या बोरीच्या ओरणाला लोक प्रदक्षिणा घालतात. आगोर पवित्र ठरला की पहारेकरी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप पंचांगाचा. कार्तिकी पौर्णिमा काय किंवा नवरात्र काय, हे दिवस साऱ्या देशाचे आहेत, त्यात वाळवंटाचे वेगळे ते काय? आक्षेप रास्त आहे, तिथी कुणी वाळवंटात घडवलेल्या नाहीत. मात्र वर्षभराच्या शेकडो तिथींतून कुठली फुगवायची आणि कुठली नुसती उपासापुरती ठेवायची, हे प्रत्येक प्रदेश आपापले ठरवतो. चैत्रातली गौर आपल्याकडे हळदीकुंकू, कैरीची डाळ आणि पन्ह्यापर्यंत येते. तीच गौर गणगौर होऊन राजस्थानात मिरवणुकीने पाण्याकडे निघते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: श्रद्धेचे असे पाटबंधारे खाते करून टाकणे हा भाविकांवर अन्याय नाही का? माती वाहणाऱ्याच्या मनात जलसंधारण नसते, जांभोजी असतात, हे मी मान्य करतो. पण माती वाहण्याची ती रीत पाच शतकांच्या पंथात टिकली ती त्यामुळेच. उपयोगाचा हिशोब करणारा माणूस एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला की अंग काढून घेतो. नवस बोललेला घेत नाही.

आणि होळीतली डोलची? बिकानेरात पुष्करणा ब्राह्मणांमधली व्यास आणि हर्ष ही घराणी एका जुन्या भांडणाची आठवण म्हणून होळीच्या दिवसांत मोठमोठे कढाव पाण्याने भरतात आणि चामड्याच्या डोलचीने एकमेकांच्या पाठीवर सपासप पाणी मारतात. वाळवंटात पाण्याची ही उधळपट्टी माझ्या सगळ्या मांडणीवर पाणी फिरवते, असे कुणी म्हणेल. मला ती उलट पुरावा वाटते. वैर मिटल्याची ग्वाही द्यायची तर जे जपून वापरायचे तेच मोकळ्या हाताने द्यावे लागते. आपण पैसा पाण्यासारखा खर्च करतो. तिथे वर्षातून एकदा पाणी पैशासारखे उधळतात.

खरा पेच अलीकडचा आहे. बिकानेरचा उंट महोत्सव राज्याचे पर्यटन खाते जानेवारीत भरवते, जैसलमेरचा मरु महोत्सव माघी पौर्णिमेच्या सुमाराला येतो. हे दिवस पाण्याने किंवा कुरणाने ठरवलेले नाहीत, थंडीत येणाऱ्या पाहुण्यांनी ठरवले आहेत. कतरियासरला जसनाथी सिद्धांचा अग्निनृत्याचा विधी रात्रजागरणाचा भाग असतो. महोत्सवात तो कार्यक्रमपत्रिकेतली एक बाब होतो. कलावंतांना यातून मानधन मिळते, साज विणणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि परंपरेच्या नावाने त्यांनी उपाशी राहावे असे सांगण्याचा अधिकार पुरवणी लिहिणाऱ्याला तर मुळीच नाही. पण उंटापुरते पाहू. ज्या शहराच्या 'गंगा रिसाला' या उंटदळाने पहिल्या महायुद्धात सुएझच्या परिसरात लढाई केली, तिथे उंटाचे केस कातरून पाठीवर नक्षी काढण्याची स्पर्धा आजही थक्क करते. देशातले उंट मात्र 2012 च्या पशुगणनेत सुमारे 4 लाख होते, ते 2019 मध्ये अडीच लाखांवर आले. ट्रॅक्टर आणि रस्ते आले, कुरणे आक्रसली. 2014 मध्ये राजस्थानने उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि 2015 च्या कायद्याने त्याला राज्याबाहेर नेण्यावर बंधने घातली, त्याने खरेदीदारही घटले. जुना पशुमेळा हा उंट विकत घेणाऱ्याचा मेळा होता. महोत्सवात उंट बघायला येणारे असतात, घ्यायला येणारा नसतो.

शेवटचा आक्षेप नळाचा. इंदिरा गांधी कालव्याने हिमालयाचे पाणी थरच्या वाळूत आणले. मग तलावाभोवतीचे हे सगळे कर्मकांड कालबाह्य झाले असे का म्हणू नये? कालव्याचे उपकार मोठे आहेत, दुष्काळाची धास्ती ज्यांनी भोगली नाही त्यांनी ते कमी लेखू नयेत. पण कालव्याचे पाणी जिथे नेले तिथे जाते, आणि कोलायतच्या सरोवराची भिस्त अजूनही आपल्या आगोरावर आहे. त्या परिसरात आज मातीच्या खाणी आहेत. कार्तिकी पौर्णिमेला घाटांवरून पानांच्या द्रोणांतले दिवे पाण्यात सोडले जातात, आणि ते पाणी ज्या उतारावरून यायचे तिथे ठिकठिकाणी खड्डे पडलेले असतात.