शेतात तार अंथरली म्हणजे खाण आली नव्हे

मंडळी, सर्वेक्षणवाले तुमच्या धुऱ्यावरून तारेचं मोठं वेटोळं अंथरू लागले, तर लगेच ‘जमीन गेली’ म्हणून घाबरू नका. तारेतून दिशा बदलणारा वीजप्रवाह सोडतात. खाली तांब्याचं गंधकयुक्त खनिज असेल तर त्यातही प्रवाह उठतो, अन् त्याची खूण वर यंत्राला मिळते. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे आढळलेलं तांबं याच जातीचं. पण ग्राफाइट, खारं पाणी, ओली चिकणमातीही अशीच खूण देते! विजेची लाइन, तारेचं कुंपण, पुरलेला लोखंडी पाइप तर यंत्राला हमखास चकवतात. ते कुठे आहेत, हे आधीच दाखवा. खरं काय ते बोअर मारून खालचा खडक वर काढल्यावरच कळतं. तोवर कुणी दलाल भाव सांगत आला, तर इसार घेऊ नका.