तुळस मोबाईलची किरणं शोषत नाही

वाराणसीत शिंदे घाटावरून पंचगंगा घाटाकडे, बिंदुमाधवाच्या दर्शनाला निघालेल्या मराठी यात्रेकरूंच्या हातात तुळशीची माळ असते आणि खिशात मोबाईल. 'कव्हरमध्ये तुळशीचं पान ठेवा, रेडिएशन शोषलं जातं. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' हा सल्ला आता घाटापासून घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. विरोध करावा तर 'तुमचा आयुर्वेदावर विश्वास नाही' असं ऐकून घ्यावं लागतं.

शास्त्रज्ञांनी काय सिद्ध केलं, ते तरी नीट वाचा. 1990च्या दशकात मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात डॉ. उमा देवी आणि सहकाऱ्यांनी तुळशीच्या पानांतली ओरिएंटिन आणि व्हिसेनिन ही दोन फ्लॅव्होनॉइड्स वेगळी काढली. ती उंदरांच्या पोटात टोचली आणि मग त्यांच्यावर गॅमा किरणांचा मारा केला. टोचलेले उंदीर जास्त तगले. काम उत्तम होतं. पण उंदरांवरचं होतं, शुद्ध द्रव्य टोचून केलेलं होतं आणि किरण होते गॅमा. गॅमा किरण पेशीतले रेणू तोडतात. तुटल्यावर जे विध्वंसक कण सुटतात, त्यांना ही द्रव्यं आवर घालतात. पान किरण 'शोषतं' असं त्या संशोधनात कुठेही नाही!

मोबाईलच्या लहरीत रेणू तोडण्याइतकी ताकदच नसते. तिच्या एका कणाची ऊर्जा गॅमाच्या तुलनेत शंभर अब्ज पटींच्या घरात कमी भरते. जिथे ती तोडफोडच होत नाही, तिथे हे औषध करणार काय? आणि कव्हरमध्ये सुकलेलं पान तर रक्तात पोचतही नाही. खाल्लं तरी या फ्लॅव्होनॉइड्सचा मोठा भाग आतड्यातून जसाच्या तसा रक्तात उतरत नाही.

तुळशीबद्दलचे असेच आणखी काही दावे पाहा. 'पान चावू नका, त्यात पारा असतो': पारा हे मूलद्रव्य आहे, कुठलीही वनस्पती ते तयार करत नाही. 'तुळस रात्रीही ऑक्सिजन देते': प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो. 'नैसर्गिक आहे, कितीही घ्या': रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर काढे, अर्क आणि गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

मोबाईलची काळजी वाटणं चूक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 साली या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातल्या आहेत. पुरावा मर्यादित आहे. तेव्हा फोन स्पीकरवर ठेवून बोला, आणि तुळस वृंदावनातच राहू द्या.