आरोग्यविषयक आकडेवारीचे दृश्य सादरीकरण : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

प्रस्तावना

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन्ही वनप्रधान जिल्ह्यांत मराठीबरोबरच गोंडी व माडिया बोलणारा समाज मोठा आहे. आरोग्याची आकडेवारी मात्र दर आणि टक्केवारी यांच्या परिभाषेतच मांडली जाते. ज्याच्याविषयी ती असते, त्या रुग्णापर्यंत ती पोहोचतेच असे नाही. अशी आकडेवारी दृश्य रूपात कशी मांडता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोजमापाचे दृश्य रूप

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बालकांच्या न्यूमोनियाचे एक प्रमुख लक्षण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, तर दोन ते बारा महिन्यांच्या बाळात ५० किंवा त्याहून अधिक श्वास हे जलद मानले जातात. निरक्षर दाईला एवढी मोजणी अवघड जाई. म्हणून ‘सर्च’ने एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेला श्वासमापक तयार केला. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा मणी सरकला, तर श्वास जलद. येथे निर्णयाची मर्यादा साधनातच बसविलेली आहे.

परिणामांचे चित्र

‘सर्च’च्या घरोघरी नवजात बालसेवेचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सेवा दिलेल्या ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो ५७.७ वरून ५९.६ झाला. तुलनात्मक निव्वळ घट ६२.२ टक्के होती. हजारी ६२ आणि ६२ टक्के ही दोन ‘बासष्ट’ भिन्न आहेत. ऐकणाऱ्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. हजार ठिपक्यांचे दोन चौकोन शेजारी ठेवून एकात ६२ व दुसऱ्यात सुमारे २५ ठिपके काळे केले, तर हा गोंधळ राहत नाही. शिवाय जगलेली बाळेही त्यात दिसतात. प्रामाणिकपणासाठी तुलनेच्या गावांचे चौकोनही सोबत हवेत.

चित्रही फसवू शकते

सिकलसेल हा या भागातील गंभीर आनुवंशिक आजार आहे. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यासाठी चार मुलांपैकी एक लाल रंगविलेले चित्र दाखविले, तर ‘पहिले आजारी झाले, आता पुढची तीन निरोगी’ असा अर्थ घेतला जाण्याचा धोका आहे. पुढील गर्भधारणेचा निर्णय अशा समजुतीवर घेतला गेला, तर त्याची किंमत कुटुंबाला मोजावी लागते. त्यापेक्षा दोन वाट्यांत प्रत्येकी एक लाल व एक पांढरा मणी ठेवावा. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एक मणी काढावा, पाहावा आणि परत टाकावा. दोन्ही लाल आले तर आजार, एकच लाल आला तर वाहक. प्रत्येक वेळी खेळ नव्याने सुरू होतो, हे दांपत्याच्या हातालाच कळते.

निष्कर्ष

चित्र रंगीत असणे पुरेसे नाही. एकूण किती व त्यांपैकी किती, हे एकाच दृष्टिक्षेपात दिसावे आणि त्यातून रुग्णाला पुढचे पाऊल कळावे. आकडा समजणे हा रुग्णाचा अधिकार आहे. तो समजेल असा मांडणे ही सांगणाऱ्याची जबाबदारी होय.