लातूर-नांदेडचा आवाज तिथेच टिपायला हवा

लातूर-नांदेडकडची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाने संवाद शक्यतो लोकेशनवरच रेकॉर्ड करावेत. 'करायलाव', 'जायलाव' म्हणतानाचा हेल, मधेच घेतलेला दम, चालताना बदलणारा स्वर हा सगळा अभिनयच असतो. पुढे डबिंग रूममध्ये ओठांशी शब्द जुळतात, पण तो जोर सहसा हातून निसटतो. उघड्या माळावर फिरणाऱ्या धनगर कुटुंबाच्या 'ख्वाडा' या चित्रपटासाठी साउंड रेकॉर्डिस्ट महावीर सब्बनवाल यांना 62व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत लोकेशन साउंडचा सन्मान मिळाला. म्हणजे ग्रामीण मराठीत हे जमतं.

'गोंगाटाचं काय?' हा आक्षेप रास्त आहे. पण बोअरची मोटर टेकपुरती बंद ठेवता येते, बूम माइकला वारा अडवणारं केसाळ कव्हर चढवता येतं, कपड्यांत लेपल माइक लपवता येतो. शॉटनंतर त्याच जागेची शांतता मिनिटभर टिपली, की मिक्सिंगमध्ये संवादांचे सांधे झाकता येतात. सेटवरचा खर्च वाढतो, हेही खरं. मात्र डबिंगचं स्टुडिओभाडं आणि कलाकारांच्या तारखा बऱ्याच वाचतात. अगदीच बिघडलेल्या ओळी खुशाल डब कराव्यात. फक्त साउंड रेकॉर्डिस्टला शूटिंगच्या दिवशी नव्हे, लोकेशन बघायला जातानाच सोबत न्यावं.