केमसेक्स आणि फोनमधलं घड्याळ

आजचा भाग घरात स्पीकरवर लावण्यासारखा नाही, तेव्हा हेडफोन घाला.

सेक्स जास्त वेळ चालावा, संकोच जावा म्हणून नशा करणं म्हणजे केमसेक्स. यात तीन नावं जास्त ऐकू येतात : क्रिस्टल मेथ, जीएचबी आणि मेफेड्रोन. हे मेफेड्रोन म्हणजे आपल्या बातम्यांतलं ‘एमडी’.

बेल्जियममधल्या अँटवर्पच्या इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनने केमसेक्स करणाऱ्यांसाठी ‘बड’ नावाचं अ‍ॅप केलंय. ते ‘सोडा’ म्हणत बसत नाही. घेणारच असाल तर निदान जिवावर बेतू नये, एवढंच त्याचं म्हणणं. कशात काय मिसळू नये ते आधी बघायचं, आणि काय, किती वाजता घेतलं ते नोंदवत जायचं.

मला ही नोंदच सगळ्यात कामाची वाटते. जीएचबीचं बघा. चढणारा डोस आणि बेशुद्ध पाडणारा डोस यांत फरक अगदी थोडा. परिणाम जाणवायला पंधरा ते तीस मिनिटं लागू शकतात. ‘काहीच होईना’ म्हणून माणूस पुन्हा घेतो आणि दोन्ही एकदम चढतात. सोबत दारू असेल तर श्वास मंदावतो, थांबूही शकतो. शेवटचं कधी घेतलं हे नशेत कोणाला आठवतंय? ते फोनने लक्षात ठेवायचं.

पण बेशुद्ध माणसाला फोन कुशीवर वळवणार नाही. ते सोबतच्यांनी करायचं. हलवूनही जागा होत नसेल तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. 108 किंवा 112 लावा, त्याला एकटं सोडू नका, काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. आणि कंडोम राहून गेला असेल तर एचआयव्ही टाळणारी पीईपी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितकी लवकर तितकं बरं. माहितीसाठी 1097 ही सरकारी हेल्पलाइन आहे.

आता गोम अशी, की आपल्याकडे 1985च्या एनडीपीएस कायद्याने नशा करणं हाच गुन्हा आहे. म्हणजे फोनमधली नोंद उद्या कोणाच्या हाती पडेल? ग्राइंडर हे डेटिंग अ‍ॅप वापरणाऱ्यांची एचआयव्हीची माहिती बाहेरच्या कंपन्यांकडे जात होती, हे 2018 मध्ये उघड झालंच. त्यामुळे असं कुठलंही अ‍ॅप नाव, नंबर मागत असेल तर मी तरी देणार नाही. भिंतीवर कागद चिकटवून पेनाने वेळ लिहिली तरी काम होतं. खोलीतल्या सगळ्यांना दिसते, आणि सकाळी फाडून टाकता येतो.